‘आपण’ म्हणजे नेमके कोण? प्रचारसभांच्या बातम्या देणाऱ्यांना खुले पत्र

वार्ताहर, उपसंपादक आणि वृत्तनिवेदक मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

भर सभेत एखाद्या नेत्याने प्रतिस्पर्ध्याला ‘ते’ म्हणण्याऐवजी ‘तो’ म्हटले, की काही मिनिटांत पडद्यावर पट्टी सरकू लागते: ‘एकेरी उल्लेखावरून वाद’. लगेच प्रतिक्रिया मागवल्या जातात, संध्याकाळच्या चर्चेला विषय मिळतो, दुसऱ्या दिवशीच्या अंकात चौकट येते. तेव्हा सर्वनामांकडे तुमचे लक्ष नसते, असे मी म्हणणार नाही. तुमचे कान चांगले तयार आहेत, पण ते फक्त अपमानासाठी तयार आहेत. त्याच भाषणात ‘मी’, ‘आम्ही’, ‘आपण’ आणि ‘ते’ मिळून श्रेय कोणाचे, वचन कोणाचे आणि दोष कोणाचा याची वाटणी उरकून टाकतात, आणि त्याची बातमी कधी होत नाही.

सभांमधली भाषणे ध्वनिमुद्रणावरून शब्दशः उतरवून काढणे हे माझे काम. या कामात भाषणाचा आशय हळूहळू दिसेनासा होतो आणि सुटे शब्द समोर येतात. पुन्हा मागे जाऊन ऐकावे लागते ते बहुधा छोट्या शब्दांसाठीच. वक्ता ‘आम्ही’ म्हणाला की ‘आपण’, टाळ्यांच्या आवाजात नीट कळत नाही. आणि मग एवढ्याशा शब्दाने वाक्याचा अर्थ किती फिरतो, ते जाणवते. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, वळण साधारण एकच असते. झालेले काम सांगायचे तर ‘मी’. पुढचे वचन द्यायचे तर ‘आपण’. खापर फोडायचे तर ‘ते’. आणि स्वतःच्या हातून काही बिघडले असेल, तर सर्वनामच नाही: ‘विलंब झाला’, ‘त्रुटी राहिल्या’. प्रत्येक भाषण असेच्या असे असते असा माझा दावा नाही. पण इतक्या वेळा असे असते, की नसेल तेव्हा दचकायला होते.

मराठीत बोलणाऱ्या उमेदवारापुढे एक अडचण असते, जी इंग्रजीत बोलणाऱ्यापुढे नसते. आपल्या भाषेत अनेकवचनी प्रथमपुरुष दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. गुजराती, तमिळ आणि तेलुगूमध्येही हा भेद आहे. इंग्रजी, बंगाली आणि प्रमाण हिंदीत नाही. म्हणजे इंग्रजी वक्त्याला ‘वी’ म्हणून मोकळे होता येते. त्या ‘वी’त कोण आहे आणि कोण नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या मोकळिकीचा सर्वांत गाजलेला उपयोग बराक ओबामांनी केला. ‘येस वी कॅन’ हे वाक्य जगभर घुमले ते 8 जानेवारी 2008 च्या रात्रीच्या भाषणामुळे, आणि ती रात्र पराभवाची होती हे बहुतेकांच्या लक्षात नसते. न्यू हॅम्पशायर राज्यात पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत ते त्या दिवशी हिलरी क्लिंटन यांच्याकडून हरले होते. ‘मी हरलो’ म्हणायची वेळ आली असताना ते ‘वी’मध्ये शिरले. त्या ‘वी’त उमेदवार मावतो, त्याचे कार्यकर्ते मावतात, समोरची गर्दी मावते, इतिहासातले गुलाम आणि स्थलांतरित मावतात, सगळा देश मावतो. पराभव एकट्याचा होता; पण भाषण संपेपर्यंत हरलेले असे कोणी उरलेच नव्हते. वक्तृत्व म्हणून हे पहिल्या प्रतीचे आहे, यात वाद नाही.

मराठी उमेदवाराला ही चैन फुकट मिळत नाही. त्याला प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते: समोर बसलेल्यांना आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे? मग तो पळवाट काढतो, आणि ती आपल्या व्याकरणातच आहे. ‘आम्ही बदल घडवू’ आणि ‘आपण बदल घडवू’ या दोन वाक्यांत क्रियापद एकच आहे. सर्वनाम गाळले की उरते ‘बदल घडवू!’ घडवणार कोण? पक्ष घडवणार असेल तर ते आश्वासन आहे, आणि पाच वर्षांनी त्याचा जाब विचारता येईल. सगळ्यांनी मिळून घडवायचा असेल तर ते आवाहन आहे, आणि बदल झाला नाही तर त्यात तुमचाही वाटा. टाळी देणारा ते आश्वासन समजून टाळी देतो. पुढे हिशोब मागायला जावे, तर ते आवाहन होते असे कळते.

भूतकाळात तर याहून सोपे. ‘मी काम केले’, ‘आम्ही काम केले’, ‘आपण काम केले’, ‘त्यांनी काम केले’. क्रियापद कामाच्या मागे जाते, करणाऱ्याकडे पाहतही नाही. म्हणून करणारा गाळला तर वाक्यात त्याचा मागमूस राहत नाही. याचा उपयोग फक्त लपण्यासाठी होतो असे नाही. 2012 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत शिवसेनेचे घोषवाक्य होते ‘करून दाखवलं’. कोणी, ते लिहिण्याची गरजच नव्हती. फलकावरच्या चिन्हाने ती जागा भरली. करणारा गाळूनही बढाई मारता येते, हे दाखवणारे ते घोषवाक्य मला भाषेच्या दृष्टीने फार चलाख वाटत आले आहे.

जाता जाता एक. ‘आम्ही’ हा शब्द परका आणि ‘आपण’ आपुलकीचा, असे सरसकट समजू नये. संविधानाच्या मराठी उद्देशिकेची सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी आहे, ‘आपण’ अशी नाही. आणि ते बरोबरच आहे. तिथे कोणी वर उभा राहून खाली बसलेल्यांना आत ओढत नाही. बोलणारे लोकच आहेत, आणि ते जगाला ऐकू जाईल असे बोलत आहेत. 9 ऑक्टोबर 1989 रोजी लाइपझिगच्या रस्त्यांवर पूर्व जर्मनीतली माणसे ‘वीर झिंड दास फोल्क’, म्हणजे ‘आम्हीच जनता’, अशी घोषणा देत होती. जनतेच्या नावाने राज्य करणाऱ्या पक्षाला जनतेने दिलेले ते उत्तर होते. ते ‘आम्ही’ खालून आले होते. पुढे काही वर्षांनी हीच घोषणा स्थलांतरितांच्या विरोधातल्या मोर्चांनी उचलली. शब्द तेच, पण तोवर त्या ‘आम्ही’त शेजारी येऊन राहिलेल्या माणसाला जागा राहिली नव्हती.

आता तुमच्या कामाकडे येते, कारण हे पत्र नेत्यांना नाही, तुम्हाला आहे. नेते त्यांचा धंदा करतात. माझी तक्रार अशी की उरलीसुरली स्पष्टता तुम्ही पुसता.

मराठी वृत्तलेखनाची एक जुनी पद्धत आहे. वक्ता म्हणतो, ‘मी हा प्रश्न सोडवीन.’ बातमीत छापले जाते, ‘आपण हा प्रश्न सोडवू, असे ते म्हणाले.’ वक्ता म्हणतो, ‘आमचा पक्ष हा प्रश्न सोडवेल, आम्ही शब्द देतो.’ बातमीत पुन्हा ‘आपण हा प्रश्न सोडवू’. वक्ता म्हणतो, ‘आपण सगळे मिळून हा प्रश्न सोडवू.’ बातमी तीच. अप्रत्यक्ष कथनातले हे ‘आपण’ म्हणजे ‘स्वतः’, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. पण वाचणाऱ्याने कसे ओळखावे? एक वैयक्तिक हमी, एक पक्षाचे आश्वासन आणि एक नुसते आवाहन, या तिन्ही गोष्टी छापून येताना एक होतात. वक्त्याने फार विचार करून जी संदिग्धता ठेवली असती, ती तुम्ही त्याला सवयीने बहाल करता. उलटही होते. एखादा भला उमेदवार न घाबरता ‘मी’ म्हणतो, स्वतःची मान अडकवून घेतो, आणि सकाळच्या अंकात त्याचे ‘मी’ विरघळून गेलेले असते.

यावर उपाय अवघड नाही. जिथे वचन आहे, तिथे थेट अवतरण द्या. जागा नसेल तर ‘आपण’च्या ठिकाणी करणाऱ्याचे नाव किंवा पद लिहा: ‘हा प्रश्न स्वतः सोडवण्याची हमी त्यांनी दिली’, ‘पक्ष हा प्रश्न सोडवेल, असे त्यांनी सांगितले’, ‘सर्वांनी मिळून हा प्रश्न सोडवण्याचे आवाहन त्यांनी केले’. दोन-चार शब्द वाढतात, त्यापलीकडे काही लागत नाही.

हिंदी भाषणे मराठीत आणताना तर तुम्ही नकळत राजकीय निर्णय घेता. हिंदीतल्या ‘हम’ला मराठीत सरळ जोड नाही. काही प्रांतांत ‘हम’ म्हणजे ‘मी’ सुद्धा होतो. राष्ट्रीय नेता म्हणतो, ‘हम देश को आगे ले जाएँगे.’ रात्री अकराला पान सोडण्याच्या घाईत कोणी तरी उपसंपादक त्याचे ‘आम्ही देशाला पुढे नेऊ’ करतो किंवा ‘आपण देशाला पुढे नेऊ’ करतो. पहिल्यात पक्षाचा दावा आहे, दुसऱ्यात सगळ्या देशाला दिलेली हाक. नेत्याने जे ठरवलेच नव्हते ते मराठी वाचकासाठी त्या उपसंपादकाने ठरवले. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही काही तरी एक निवडावे लागले असते. पण निदान आधीचे वाक्य, पुढचे वाक्य आणि नेता त्या क्षणी कोणाकडे हात करत होता हे पाहून निवडावे. वचनाच्या वाक्यात मी तर ‘आम्ही’लाच कौल देईन. वचनात ऐकणाऱ्याला आत घ्यायचे असेल, तर ते वक्त्याने स्पष्ट म्हणावे. आपण त्याच्या वतीने दार उघडून देऊ नये.

दूरचित्रवाणीवाल्यांसाठी वेगळा मुद्दा आहे. सर्वनामाचा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या वाक्यात असतो, आणि तुमची कात्री नेमकी तिथेच चालते. 13 जुलै 2012 रोजी व्हर्जिनियातल्या रोआनोक येथे ओबामा रस्ते आणि पूल यांबद्दल बोलत होते; कोणी तरी त्यांत पैसा गुंतवला, म्हणून उद्योग उभे राहिले, असा त्यांचा युक्तिवाद होता. ओघात ते म्हणून गेले की तुमचा उद्योग असेल तर ‘यू डिडन्ट बिल्ड दॅट’. हे ‘दॅट’ कशाला उद्देशून? मागच्या वाक्यातल्या रस्त्यांना आणि पुलांना, की त्याच वाक्यातल्या उद्योगाला? संपूर्ण उतारा वाचला तर पहिला अर्थ निघतो. तेवढाच तुकडा ऐकला तर दुसरा निघतो, आणि कष्टाने धंदा उभारलेल्या माणसाचा तो अपमान ठरतो. रिपब्लिकन पक्षाने त्या वर्षीच्या अधिवेशनात ‘वी बिल्ट इट’ हे एका दिवसाचे सूत्रच करून टाकले. उत्तरही सर्वनामांनीच बांधलेले, पाहा. एका दर्शक सर्वनामाभोवती प्रचाराचे कित्येक आठवडे फिरले. ओबामांनी वाक्य ढिले बोलले हे खरे. पण ते ढिले वाक्य एकटे काढून फिरवण्याचे काम कात्रीने केले.

‘ते’ या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सभेतला सर्वांत धोकादायक शब्द तोच. ‘मी’, ‘आम्ही’, ‘आपण’ यांची शहानिशा करता येते. बोलणारा समोर उभा असतो. ‘ते’ मात्र हजर नसतात. ‘त्यांना तुमची प्रगती बघवत नाही.’ ‘त्यांचे इरादे तुम्हाला माहीत आहेत.’ ते म्हणजे कोण? विरोधी पक्ष? त्याचे मतदार? एखादा समाज? शेजारी देश? वक्ता नाव घेत नाही, मान थोडी एका बाजूला वळवतो, आणि समोरचा प्रत्येक माणूस आपापल्या मनातले नाव त्या जागी भरतो. दहा हजारांच्या सभेत एका ‘ते’ची अनेक माणसे होतात आणि वक्त्याने कोणाचेच नाव घेतलेले नसते. नंतर तक्रार झाली तर तो शांतपणे म्हणू शकतो, की मी फक्त प्रतिस्पर्धी पक्षाबद्दल बोलत होतो. मराठीतले ‘ते’ आदरार्थीही असल्यामुळे त्याला आणखी एक पांघरूण मिळते: शब्द तर मानाचाच आहे!

आणि ‘ते’कडून ‘हे’कडे येताना काय होते, तेही ऐका. ‘ही मंडळी’, ‘हे लोक’ म्हटले की दूरचा शत्रू अचानक जवळ येतो, आपल्याच वस्तीत राहू लागतो. परक्यांना जवळ आणून उभे करण्याचे हे तंत्र आहे, आणि भीती जवळच्या गोष्टीचीच जास्त वाटते.

द्वितीय पुरुषही हेच काम करू शकतो. 1992 साली रॉस पेरो हे अपक्ष म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या अधिवेशनात बोलताना त्यांनी श्रोत्यांना ‘यू पीपल’ असे संबोधले. मते मागायला आलेला माणूस एका शब्दात श्रोत्यांना पलीकडे बसवून मोकळा झाला. शिवी नव्हती, आरोप नव्हता, तरी सभागृहाला ते लागले. 7 ऑक्टोबर 2008 च्या वादविवादात रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी शेजारी बसलेल्या ओबामांकडे निर्देश करून ‘दॅट वन’ म्हटले, आणि त्या रात्री धोरणांपेक्षा चर्चा झाली ती त्या दोन शब्दांची. 2024 च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्या प्रचाराने तर सर्वनामच जाहिरातीचा विषय केले. जाहिरातीचे शेवटचे वाक्य असे, की कमला हॅरिस ‘दे/देम’साठी आहेत आणि ट्रम्प ‘यू’साठी. स्वतःसाठी ‘दे’ हे सर्वनाम वापरणाऱ्या मूठभर माणसांना एका बाजूला आणि ‘तुम्हाला’ दुसऱ्या बाजूला ठेवून सगळी निवडणूक एका वाक्यात बसवली. ‘ते की तुम्ही’ ही मांडणी जुनीच. इतक्या उघडपणे छापलेली मी प्रथमच पाहिली.

सर्वनामाचा अर्थ ठरवणे हा पोरखेळ आहे असे कोणाला वाटत असेल, तर 2 जानेवारी 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123(3) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. इंग्रजी मजकुरात त्या जागी ‘हिज रिलिजन’ असे शब्द आहेत. हे ‘हिज’ कोणाचे? फक्त उमेदवाराचे, की ज्याच्याकडे मत मागितले जाते त्या मतदाराचेही? अभिराम सिंह खटल्यात या प्रश्नासाठी सात न्यायाधीशांचे घटनापीठ बसले आणि निकाल चार विरुद्ध तीन असा लागला. बहुमताने ठरवले, की त्या ‘हिज’मध्ये उमेदवार येतो आणि मतदारही येतो. तीन न्यायाधीशांना ते पटले नाही. एका षष्ठ्यंत सर्वनामावर देशाचे सर्वोच्च न्यायालय असे दुभंगू शकते, तर सभेतल्या ‘त्यांना’चा अर्थ काय, हे वार्ताहराने विचारणे अगदीच वाजवी आहे.

आता ‘मी’ची बाजू घेते, तुमच्यापैकी काहींना ती रुचणार नाही. भाषणातले ‘मी’ मोजून ‘अमुक नेते इतक्या वेळा मी म्हणाले’ अशी चौकट छापण्याची हौस अनेकांना आहे. त्यातून अहंकार सिद्ध होतो अशी समजूत आहे. ओबामांवरही हाच आरोप झाला होता. तेव्हा मार्क लिबरमन या भाषाशास्त्रज्ञाने भाषणे मोजून दाखवले, की त्यांच्या आधीच्या अध्यक्षांच्या तुलनेत त्यांचे ‘आय’ काही जास्त नव्हते. ज्याला आधीच गर्विष्ठ ठरवले आहे, त्याचाच ‘मी’ कानाला खुपतो. मराठीत तर ही मोजणी निव्वळ निरर्थक आहे. ‘करीन’, ‘सांगतो’, ‘आलोय’ या प्रत्येक शब्दात ‘मी’ दडलेला आहे, आणि तो मोजणाऱ्या यंत्राला सापडत नाही.

मतदाराच्या दृष्टीने ‘मी’ हे सर्वांत प्रामाणिक सर्वनाम आहे, कारण त्याला पत्ता असतो. फ्रान्सच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, 2 मे 2012 च्या दूरचित्रवाणी वादविवादात फ्रान्स्वा ओलांद यांनी तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी यांच्यासमोर ‘मुआ प्रेझिदां द ला रेपुब्लिक’, म्हणजे ‘मी राष्ट्राध्यक्ष असताना’, या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये एकामागून एक म्हटली. त्यांतली बरीचशी आपण काय करणार नाही याची होती. इतके ‘मी’ ऐकून कान किटतात, मान्य. पण पुढची पाच वर्षे फ्रेंच पत्रकारांच्या हाती त्या वाक्यांची यादी होती आणि प्रत्येक वाक्यापुढे बरोबर-चूक लिहिता येत होते. ‘येस वी कॅन’पुढे काय लिहिणार?

अर्थात सगळेच ‘मी’ असे नसतात. 21 जुलै 2016 रोजी क्लीव्हलँड इथल्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात ट्रम्प म्हणाले, की हे फक्त मीच दुरुस्त करू शकतो. इथे ‘मी’ जबाबदारी घेण्यासाठी आलेला नाही. बाकी सगळ्यांना रद्द करण्यासाठी आला आहे. कोलंबियाचे राजकीय नेते होर्हे एलिएसेर गाइतान सांगत, की मी माणूस नाही, मी जनता आहे. इथे ‘मी’ इतका फुगतो की त्याला प्रश्न विचारणे म्हणजे जनतेलाच प्रश्न विचारणे होऊन बसते. तिसरा प्रकार म्हणजे स्वतःचे नाव घेऊन स्वतःबद्दल बोलणे. अमेरिकेतले रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल 1996 साली ‘बॉब डोल असे करेल’ म्हणत आणि लोक हसत. 2024 च्या लोकसभा प्रचारात ‘मोदी की गारंटी’ हे शब्द पंतप्रधानांच्या स्वतःच्या तोंडी होते, आणि त्यावर फारसे कोणी हसले नाही. नाव घेतले की व्यक्तीची संस्था होते. पण हमी देणारा आणि हमीपत्रावर ज्याचे नाव आहे तो, हे दोघे एकच आहेत याची आठवण बातमीने करून द्यायला हरकत नाही.

कधी कधी मतदाराच्या तोंडी ‘मी’ घातला जातो. 2019 चे ‘मैं भी चौकीदार’ तसे होते, आणि 2016 मधले क्लिंटन यांच्या समर्थकांचे ‘आय अ‍ॅम विथ हर’ही तसेच. दुसऱ्याची दिशा मात्र चुकली होती: मतदाराने उमेदवाराच्या पाठीशी उभे राहायचे. ट्रम्प यांनी ती उलटवली. मी तुमच्या पाठीशी आहे, असे ते त्याच क्लीव्हलँडच्या भाषणात म्हणाले. चार वर्षांनी बर्नी सँडर्स यांनी ‘नॉट मी. अस.’ एवढेच घोषवाक्य केले. चांगले होते, पक्षाची उमेदवारी मात्र मिळाली नाही. सर्वनामांनी निवडणूक जिंकता येते असा माझा समज आहे, असे कृपया समजू नका.

राहिला कर्ता नसलेल्या वाक्यांचा प्रश्न. इराणला शस्त्रे विकल्याचे प्रकरण बाहेर आल्यावर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन जानेवारी 1987 मधल्या भाषणात म्हणाले, की गंभीर चुका झाल्या. कोणाच्या हातून, ते वाक्यात नव्हते. मार्चमध्ये ते पुन्हा देशाशी बोलले आणि या वेळी म्हणाले, की माझ्या कृत्यांची आणि माझ्या प्रशासनाच्या कृत्यांची पूर्ण जबाबदारी मी घेतो. या दोन भाषणांच्या मधल्या आठवड्यांत प्रश्न विचारणारी वृत्तपत्रे होती, चौकशी करणारी समिती होती. ‘झाल्या’पासून ‘मी घेतो’पर्यंतचा प्रवास वक्ते स्वतःहून करत नाहीत. आपल्याकडे तर ‘करण्यात आले’, ‘करण्यात येईल’ ही सरकारी रचना सभेतही सर्रास ऐकू येते, आणि तुम्ही ती जशीच्या तशी छापता. छापा, पण पुढे एक वाक्य जोडा: ‘हे कोण करणार, ते त्यांनी सांगितले नाही.’ हे भाष्य नाही. भाषणात काय नव्हते, ते सांगणे ही सुद्धा बातमीच आहे.

तुम्हाला वेळ नसतो हे मला ठाऊक आहे. सभा रात्री उशिरा संपते, मजकूर मोबाइलवर टाइप होतो, डेस्कवर माणसे कमी झाली आहेत. म्हणून मोठ्या अपेक्षा ठेवत नाही. भाषणाचे व्याकरण तपासणारा विभाग काढा, असे म्हणत नाही. सभेनंतर गाडीकडे निघालेल्या उमेदवाराला तुम्ही एक प्रश्न विचारताच. बहुधा तो युतीबद्दल किंवा कोण्या नाराज नेत्याबद्दल असतो. अधूनमधून त्याऐवजी एवढेच विचारा: ‘मघाशी तुम्ही आपण म्हणालात. त्यात कोण कोण येतात?’ किंवा ‘त्यांना धडा शिकवायचा असे म्हणालात. त्यांना म्हणजे कोणाला?’ उत्तर मिळाले तर छापा. नाही मिळाले, उमेदवार हसून गाडीत बसला, तर तेही छापा.

ज्या वृत्तपत्रांची स्वतःची शैलीपुस्तिका आहे, त्यांनी तिच्यात अप्रत्यक्ष कथनातल्या ‘आपण’विषयी चार ओळी घालाव्यात, ही शेवटची विनंती. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांवर पाने खर्च झालेली असतात. या एका शब्दाला चार ओळी मिळायला हरकत नसावी. पुढच्या निवडणुकीच्या आधी मिळाल्या तर उत्तम.

कळावे,

सभांची भाषणे उतरवून काढणारी एक वाचक